छपरावरच्या भिंगरीचं विमानी कूळ

ॲरिझोनातल्या क्वार्टझसाइटच्या वाळवंटात दर हिवाळ्यात कॅम्पर गाड्यांची जत्रा भरते. गाड्यांच्या छपरांवर सोलर पॅनल असतातच, पण मधूनच एखाद्या गाडीशेजारी तारांनी ताणून धरलेल्या खांबावर मीटरभर व्यासाची, तीन पात्यांची भिंगरी गरगरताना दिसते. तिचं कूळ विचारलं तर बहुतेक जण हॉलंडच्या पवनचक्कीकडे बोट दाखवतात. कुणी अमेरिकन शेतांवर पाणी उपसणाऱ्या, भरगच्च पात्यांच्या पवनचक्कीचं नाव घेतो. दोघी नात्यातल्या खऱ्या, पण लांबच्या. या भिंगरीचं माहेर विमानांच्या दुनियेत आहे, आणि गंमत म्हणजे ती ज्या गाडीला वीज पुरवते त्या गाडीचंही.

वाऱ्यावर वीज करता येते हे १८८७ मध्ये स्कॉटलंडात जेम्स ब्लाइथ यांनी आणि पुढच्याच वर्षी क्लीव्हलंडमध्ये चार्ल्स ब्रश यांनी दाखवून दिलं. ब्रश यांच्या चक्कीचा व्यास १७ मीटर, पाती १४४. ती गाडीला बांधायची म्हटली तर गाडीच चक्कीला बांधावी लागली असती.

पुढे जाण्याआधी एका तगड्या दावेदाराचं म्हणणं ऐकायला हवं. नॉर्वेच्या फ्रिट्यॉफ नान्सेन यांचं 'फ्राम' हे जहाज १८९३ मध्ये मुद्दाम ध्रुवाकडच्या बर्फात अडकवून घेतलं गेलं, आणि बर्फ नेईल तिकडे वाहू लागलं. त्याच्या डेकवर पवनचक्की होती, तिला डायनामो जोडलेला होता आणि त्या विजेवर ध्रुवीय रात्री दिवे लागत. फिरतं घर आणि वाऱ्याची वीज, आणखी काय हवं? कुणी बोटवाला कॅम्परच्या भिंगरीला फ्रामचीच पणती म्हणेल. पण फ्रामची चक्की झिजली, सफर संपायच्या आत उतरवावी लागली, आणि तिच्या धर्तीवर कुणी दुसरी बांधून बाजारात आणली नाही. मान पहिलेपणाचा द्यावा, वंश मात्र तिच्यापासून धरू नये.

वंश सुरू होतो आयोवातल्या शेतांवर. १९३० च्या दशकात रेडिओ खेड्यापाड्यांत पोचला होता, वीज पोचली नव्हती. दहा शेतघरांपैकी जेमतेम एकात तारा आल्या होत्या. रेडिओ चालायचा सहा व्होल्टच्या, म्हणजे त्या काळच्या मोटारीच्याच बॅटरीवर, आणि ती उतरली की चार्ज करायला गावातल्या गॅरेजात न्यावी लागे. तिथल्याच आल्बर्स बंधूंनी मोटारीतल्यासारखा डायनामो घेतला, त्याला लाकडी पाती जोडली आणि वाऱ्यावर ठेवला. सू सिटीची 'विंचार्जर' कंपनी उभी राहिली ती यातून. १९३५ च्या सुमारास झेनिथ या रेडिओ कंपनीने तिच्याशी हातमिळवणी केली आणि रेडिओबरोबर विंचार्जर पंधरा डॉलरमध्ये देऊ केला.

आता पाती पाहा. पाणी उपसणारी चक्की जोर देते, वेग देत नाही. डायनामोला नेमका वेग लागतो. म्हणून विंचार्जरला दोनच पाती, सहा फूट लांबीच्या एका लाकडातून कोरलेली, थेट विमानाच्या प्रोपेलरच्या घाटाची. या पात्यांची टोकं वाऱ्याच्या कितीतरी पट वेगाने धावतात. पात्यांना आडवे दोन वाकवलेले पत्रे असत. वादळात फिरण्याचा वेग हाताबाहेर गेला की ते बाहेर फेकले जाऊन उघडत आणि हवाच ब्रेक लावी. प्रोपेलर उलटा वापरायची, म्हणजे हवेनेच तो फिरवायची, ही युक्तीही नवी नव्हती. पहिल्या महायुद्धात विमानांचे वायरलेस संच बाहेर लावलेल्या चिमुकल्या पंख्याच्या जनरेटरवर चालत. विंचार्जर म्हणजे तोच पंखा, जमिनीवर उतरलेला.

दुसरा साक्षीदार मार्सेलस जेकब्स. मोंटानातला हा शेतकऱ्याचा मुलगा विमान उडवायला शिकला होता आणि चक्कीची पातीही त्याने प्रोपेलरवरूनच घेतली. दोन पात्यांची चक्की वाऱ्याबरोबर तोंड फिरवताना थरथरते हे त्याच्या लक्षात आलं, म्हणून त्याने तिसरं पातं जोडलं. आज कॅम्परशेजारी दिसणाऱ्या बहुतेक भिंगऱ्या तीन पात्यांच्या आहेत.

आणि गाडी? लिंडबर्गचं 'स्पिरिट ऑफ सेंट लुइस' हे विमान बांधण्याच्या कामावर देखरेख करणाऱ्या हॉली बोलस यांनी १९३४ मध्ये ॲल्युमिनियमचा 'रोड चीफ' ट्रेलर काढला, विमानाच्या धडासारखा, रिव्हेट मारलेला. तो धंदा बुडाला. घाट मात्र वॉली बायम यांनी उचलला आणि १९३६ मध्ये त्यांच्या एअरस्ट्रीम कंपनीचा 'क्लिपर' ट्रेलर आला. नावसुद्धा पॅन ॲम या हवाई कंपनीच्या विमानांवरून. दिवे बॅटरीवर.

एकाच दशकात, एकाच देशात, एकाच घराण्यातली ही दोन भावंडं. एखाद्या ट्रेलरशेजारी कुणीतरी तेव्हाच विंचार्जर उभा केला असणार, असं मानायला काही हरकत नाही. पण १९३६ च्या ग्रामीण विद्युतीकरण कायद्याने शेतांवर तारा आल्या आणि छोट्या चक्क्यांचा बाजार बसत गेला. पुढे ही भिंगरी टिकवली शिडाच्या बोटींनी. इंग्लंडची रटलंड, फ्लॅगस्टाफची 'एअर' ही मॉडेलं बोटीवरूनच कॅम्परवाल्यांच्या हाती आली. एवढं श्रेय बोटवाल्यांना द्यावंच लागेल, पण सांभाळ करणाऱ्या मावशीचं, आईचं नव्हे.

कॅम्परवाल्यांचा संसार मात्र तिच्याशी जेमतेमच जमला. वाऱ्याचा वेग निम्मा झाला की ताकद आठव्या हिश्श्यावर येते. मीटरभर व्यासाची भिंगरी सेकंदाला दहा मीटर वाऱ्यात दीडशेएक वॅट देते, पाच मीटरमध्ये वीसच्याही आत. आणि मुक्कामाला माणूस शोधतो आडोशाची जागा! शिवाय बॅटरी भरली म्हणून सोलरसारखी नुसती तार सोडून चालत नाही. बोजा सुटलेली भिंगरी बेफाम फिरते, तिला वेगळा हीटर तरी जोडावा लागतो किंवा ब्रेक.

मग धावत्या गाडीवरच का लावू नये, हा प्रश्न हमखास येतो. लावता येईल, पण ती वीज गाडीच्या इंधनातूनच वसूल होईल, तीही तोट्यात. आजच्या विमानात हा तोटा चालतो, कारण तिथे भिंगरी संकटातच बाहेर येते. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ चं इंधन ४१ हजार फुटांवर संपलं. पोटातून छोटी टर्बाइन खाली आली आणि तिच्यावरच्या हायड्रॉलिक पंपाने वैमानिकाच्या हातात ताबा ठेवला, पण वेग उतरला तसा तिचा जोरही उतरत गेला. विमान टेकलं ते मॅनिटोबातल्या गिमलीच्या जुन्या धावपट्टीवर. तिथे त्या दिवशी मोटारींच्या शर्यती होत्या, आणि कडेने कॅम्पर गाड्या लागल्या होत्या.