ध्रुवीय अस्वलांच्या शिकारीचे व्यवस्थापन

ध्रुवीय अस्वलांची किती शिकार होऊ द्यावी हे ठरवण्याच्या पद्धतीस शिकारीचे व्यवस्थापन म्हणतात. १९७३ साली ऑस्लो येथे कॅनडा, डेन्मार्क, नॉर्वे, अमेरिका व सोव्हिएत संघ यांच्यात झालेल्या कराराने आर्क्टिकमधील स्थानिक लोकांना पारंपरिक शिकारीची मुभा ठेवली. इनुइट समाजात या अस्वलाचे मांस अन्न म्हणून व कातडे वस्त्रांसाठी वापरले जाते. त्यामुळे सरसकट बंदी हा दिसतो तितका सोपा उपाय नाही.

मादीला बहुधा दोन पिल्ले होतात आणि ती सुमारे अडीच वर्षे तिच्याजवळ राहतात. म्हणून एका मादीमागे दोन नर या प्रमाणात वर्षाला सुमारे ४.५ टक्के शिकार दीर्घकाळ सुरक्षित मानली जाई. हा हिशेब समुद्रावरील बर्फ टिकेल असे गृहीत धरून केलेला होता. अस्वले सील पकडतात ती मुख्यतः बर्फावरूनच. कॅनडातील पश्चिम हडसन उपसागरात १९८७ मध्ये सुमारे १,२०० अस्वले होती, ती २०२१ मध्ये सुमारे ६०० उरली. याउलट अलास्का व रशिया यांच्यामधील चुकची समुद्रात बर्फ घटूनही अस्वले सुदृढ आढळली आणि २०१८ मध्ये तेथील वार्षिक मर्यादा ५८ वरून ८५ करण्यात आली. त्यामुळे मर्यादा प्रत्येक उपसमूहासाठी वेगळी असावी, नव्या गणनेनुसार ती बदलावी आणि गणना जुनी असल्यास ती कमी ठेवावी, अशी पद्धत सुचवली जाते. मात्र हेलिकॉप्टरमधून होणारी गणना खर्चिक असते, त्यामुळे ती वारंवार करणे कठीण जाते.