बहात्तरचा दुष्काळ आणि सोळाचा

आमच्या नारायणगडाच्या पंचक्रोशीत दुष्काळ सालाच्या नावानं ओळखतात. नुसतं ‘बहात्तर’ म्हटलं तरी म्हाताऱ्यांपासून पोरासोरांपर्यंत सगळ्यांना कळतं. पुढं २०१६ चंही तसंच झालं. पण हे दोन दुष्काळ एका जातीचे नव्हते.

आज ढग आले, उद्या वारं सुटलं, ही झाली रोजची हवा. तीस-तीस वर्षं मोजून मुलखाचा जो स्वभाव निघतो, ते हवामान. आमचा मुलूख स्वभावानंच कोरडा, कारण मधी सह्याद्री आडवा. समुद्रावरून आलेलं वारं घाट चढताना गार होतं आणि आपलं पाणी कोकणात, घाटमाथ्यावर टाकून देतं. अलीकडं उतरताना ते तापतं, ढग विरतात. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस. बीडला ६००-७०० च्या आसपास. त्याला पर्जन्यछाया म्हणतात. म्हणजे आम्ही पावसाच्या सावलीतली माणसं.

त्यात काही साली तिकडं दक्षिण अमेरिकेजवळ पॅसिफिक समुद्राचं पाणी नेहमीपेक्षा तापतं. त्याला एल निनो म्हणतात. अशा साली आपला मोसमी पाऊस बऱ्याचदा लंगडा पडतो. १९७२ ला एल निनो होता, २०१५ लाही होता. आभाळ दोन्ही वेळा सारखंच रुसलं.

मग फरक कुठं पडला? जमिनीत.

बहात्तरला मी शाळकरी पोरगा. घरात दाणा नव्हता. बायामाणसं खडी फोडायला, तलावाच्या कामावर जायची. सुकडी मिळायची, परदेशातून आलेली मिलोची लाल भाकरी खायची. पण आडात घागर बुडायची. पाणी खोल गेलं होतं, तरी प्यायपुरतं होतं. त्याच दुष्काळातून महाराष्ट्राला रोजगार हमी मिळाली.

२०१६ ला उलटं झालं. रेशनला धान्य होतं, पाणी नव्हतं. गावोगाव टँकर, जनावरं छावणीला. शेजारच्या लातूरला तर एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं.

आपल्या बुडाला काळा पाषाण आहे. पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि दगडाच्या भेगांत. ती तिजोरी उथळ. बहात्तरला तिच्यातून मोटेनं, नाहीतर एखाद्या इंजिनानं उपसा व्हायचा. पुढं विजेच्या मोटारी आल्या, शेकडो फूट बोअर गेले, ऊस आला. एका पावसात साठतं त्याहून जास्त आपण वर्षात काढू लागलो. म्हणून एक पावसाळा हुकला की घशाला कोरड.

पाऊस आपल्या हातात नाही, पण विहिरीला दोरी सोडून पाहणं हातात आहे. दिवाळीला पाणी किती हात उरलं ते मोजावं, आणि मगच ज्वारी, हरभरा का ऊस ते ठरवावं.