माजघर आणि सूतिकागृह

बंगळूरची चिकपेट ही १५३७ मध्ये केंपेगौडाने वसविलेल्या जुन्या पेठेचा भाग. १६३८ मध्ये हे नगर विजापूरकरांच्या हाती आले व शहाजीराजांचे ठाणे झाले. पुढे राज्ये पालटली, तरी मराठी बोली या पेठांतून सर्वस्वी लोपली नाही. मराठी घर पुण्यात असो की बंगळुरात, पहिलटकरणीच्या बाळंतपणाची तयारी ठरलेली असे. सातव्या महिन्यात डोहाळजेवण, मग माहेरी पाठवणी. माजघरालगतची अंधारी खोली, शेगडी, अळीव आणि अनुभवी सुईण. पित्याला मात्र त्या खोलीच्या उंबऱ्याआत स्थान नव्हते.

या तयारीत माया उदंड होती, ज्ञान अपुरे होते. वडीलधाऱ्या बायका धीर देत. पण मूल अडले किंवा रक्तस्राव थांबेना, की सुईणीचे हात टेकत. आनंदीबाई जोशी यांना चौदाव्या वर्षी झालेला मुलगा दहा दिवसच जगला. त्याच आनंदीबाईंनी १८८६ मध्ये अमेरिकेत वैद्यकाची पदवी घेतली, आणि आपल्या प्रबंधासाठी विषय निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा.

म्हैसूर संस्थानात १८९५ ते १९०२ या काळात महाराणी केंपनंजम्मण्णी वाणीविलास यांनी राजप्रतिनिधी म्हणून कारभार पाहिला. त्यांचे नाव धारण करणारे स्त्रियांचे व बालकांचे वाणीविलास रुग्णालय १९३५ मध्ये किल्ल्याच्या परिसरात, चिकपेटेपासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर, सुरू झाले. अडलेल्या बाळंतिणीला शस्त्रक्रियेचा आधार आता हाकेच्या अंतरावर आला. परंतु सूतिकागृहांच्या शिस्तीत एक गोष्ट हरवली. घरी हात धरणारी आई किंवा मावशी दाराबाहेर राहिली, आणि वेणांच्या वेळी स्त्री अनोळखी माणसांत एकटी पडली.

त्याच सुमारास, १९३३ मध्ये, ग्रँटली डिक-रीड या इंग्रज डॉक्टरांनी नैसर्गिक प्रसूतीवर ग्रंथ लिहिला. भीतीने शरीर आखडते, आखडल्याने वेदना वाढते आणि वेदनेने पुन्हा भीती, असे चक्र त्यांनी मांडले. ते तोडण्यासाठी गर्भारपणीच शरीराचे व्यापार समजावून घ्यावेत, श्वास व शिथिलता यांचा अभ्यास करावा, असा त्यांचा आग्रह होता. फर्नां लामाझ यांनी १९५१ मध्ये रशियात पाहिलेली याच वळणाची पद्धत पुढल्या वर्षी पॅरिसमध्ये आणली. तिच्यात पतीही शिकून सोबतीला उभा राहू लागला. आजीबाई ज्याला धीर म्हणत, त्याला शास्त्राची बैठक मिळाली.

मात्र 'नैसर्गिक' या शब्दाचा अर्थ निराधार असा नव्हे. वैद्यकीय साहाय्य नाकारणे ही तयारी नसून जुन्या अंधाऱ्या खोलीकडे परतणे होय. भारत सरकारने २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांत प्रसूतीसमयी सोबतीण ठेवण्यास संमती दिली. जेथे खासगीपणा राखता येतो, तेथे पतीलाही मुभा ठेवली. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ मध्ये स्त्रीच्या पसंतीची सोबत आणि कळांच्या वेळी हिंडण्या-फिरण्याची मोकळीक यांची शिफारस केली.

माजघराने माणूस दिले, रुग्णालयाने विद्या दिली. होणाऱ्या आईबापांची खरी तयारी म्हणजे या दोहोंपैकी एकाचाही हात न सोडणे. त्यासाठी प्रसूती कोठे व कोणाच्या देखरेखीखाली व्हायची हे दोघांनी मिळून आधीच ठरवावे, धोक्याच्या खुणा जाणून घ्याव्यात, आणि बापाने उंबरा ओलांडावा.