सिस्टर, दुपारची ड्युटी तुमची!

स्कार्फ घट्ट बांधा. 2021चा एप्रिल आहे, दुपारचा एक वाजलाय. बेसा चौकातून स्कूटी काढलीत की मानेवाडा रोडवर झळा तोंडाला लागतात. शटर बंद, घराघरांतून कूलरची घरघर आणि ओल्या वाळ्याचा वास. तो नाकात भरून घ्या. पुढचे सहा तास नाकाशी फक्त एन-95 मास्क आणि स्वतःच्याच श्वासाची वाफ. तुकडोजी पुतळा गेला, मेडिकल चौक आला. ट्रॉमा केअर सेंटरमधला कोविड आयसीयू गाठा.

पीपीई किट चढवा. पाठीवर कुणीतरी मार्करने तुमचं नाव लिहितं, कारण आत सगळ्या सारख्याच दिसतात. आता पाणी नाही, बाथरूम नाही. दहा मिनिटांत घाम पाठीवरून ओघळायला लागतो.

सकाळपाळीच्या सिस्टरकडून ओव्हर घ्या. दोन खाटा तुमच्याकडे. एक नंबरचे आजोबा व्हेंटिलेटरवर. नळी ओठापाशी 22 सेंटिमीटरवरच आहे ना, वाकून बघा. दोन नंबरच्या काकू शुद्धीवर, बायपॅपचा मास्क ओढून काढतात. ‘सिस्टर, पाणी देऊन द्या ना जी!’ मास्क निघाला की मॉनिटरवरचा ऑक्सिजनचा आकडा भराभर उतरतो. दोन चमचे पाणी द्या, मास्क लावा, पट्टे आवळा.

तोच एक नंबरचा सिरिंज पंप बोंबलतो. बीपी टिकवणारं नॉरअॅड संपत आलंय. नवी सिरिंज आधीच भरून ठेवली असेल तर निभावलं. थोडा खंड पडला तरी बीपी कोसळतो. ती लावता लावता व्हेंटिलेटर ओरडतो: कफ अडकला. सक्शनची नळी आत घाला, पंधरा सेकंदांच्या आत बाहेर काढा. खर्रर्र करत पिवळा, चिकट कफ वर चढतो आणि आजोबांच्या छातीचा आवाज मोकळा होतो.

आता चार्ट. नाडी, बीपी, युरोबॅगमधली लघवी. दर तासाला एक रकाना. ग्लोव्हजवर ग्लोव्हज, त्यात पेन सटकतं. तीनचा रकाना भरायला घेता आणि हाक येते, ‘पाच नंबरला पालथं करायचंय!’ पाच जणी लागतात. एक डोक्याशी नळी धरून, बाकीच्या दोन्ही बाजूंना. ‘एक, दोन, तीन!’ परत येता तेव्हा चार वाजलेले, तीनचा रकाना कोराच.

आयसीयू म्हटलं की लोकांना धावपळ आणि छातीवरचे दाब आठवतात. तुमची ड्युटी मात्र जाते मध्येच सुटलेली कामं पुन्हा हाती घेण्यात. कूस बदलायची, तोंड पुसायचं, राईल्स ट्यूबमधून फीड द्यायचं. प्रत्येक काम दोनदा तुटतं आणि एकही विसरून चालत नाही.

आठ वाजले. रात्रपाळीच्या सिस्टरला तुम्ही पंप, नळी, रिपोर्ट सगळं धडाधड सांगता. ती ऐकून घेते आणि विचारते, ‘आजोबांचं पोट साफ झालं का?’

झालं ना बाई! साडेपाचला. नेमकी नवी चादर घातल्यावर.