अंगणातील पारिजातक : लागवड व निगा

पारिजातक अथवा प्राजक्त हा देवपूजेत मानाचे स्थान असलेला लहान चणीचा पानगळी वृक्ष होय. हिंदीत त्यास हरसिंगार, तर बंगालीत शिउली म्हणतात. जाई, जुई व मोगरा यांच्याच ओलिएसी कुलातील हा वृक्ष असून, १७५३ साली लिनिअसने दिलेल्या त्याच्या शास्त्रीय नावात ‘दुःखी वृक्ष’ असा अर्थ आहे. सायंकाळी उमललेली फुले पहाटेपूर्वी गळून पडतात, हे त्या नावाचे कारण सांगितले जाते.

मध्य भारतातील कोरड्या, खडकाळ टेकड्यांवर मोठ्या वृक्षांच्या विरळ छायेत तो आपोआप वाढतो. त्यामुळे इमारतींच्या दाटीतील अंगणातही तो तग धरतो. मात्र निदान अर्धा दिवस ऊन मिळाल्यास फुले विपुल येतात. दाट सावलीत झाड जगते, पण बहर कमी येतो.

लागवड : पावसाळ्याच्या आरंभी दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन त्यात माती व कुजलेले शेणखत भरावे. चपट्या तपकिरी फळातील दोन बियांपासून किंवा फांदीच्या कलमापासून रोप तयार होते. भिंतीपासून सहा-सात फूट अंतर ठेवावे. मुळांशी पाणी साचू देऊ नये.

पानगळ : फुलांचा हंगाम साधारणतः श्रावणापासून मार्गशीर्षापर्यंत असतो. त्यानंतर पाने गळू लागतात व उन्हाळ्यात झाड निष्पर्ण, वाळल्यासारखे दिसते. या अवस्थेत ते मेले असे समजून अनेक ठिकाणी तोडले जाते, हे खेदजनक आहे. फांदीची साल नखाने किंचित खरवडून पाहावी. आत हिरवेपणा असल्यास झाड जिवंत आहे. या काळात रोज भरपूर पाणी घालणे हितावह नसते, त्याने मुळे कुजण्याचा संभव असतो. पावसाच्या सरींबरोबर नवी पालवी फुटते.

छाटणी : बहर संपल्यावर, नवी पालवी फुटण्यापूर्वी करावी. फुले नव्या फुटीच्या टोकाशी येतात. म्हणून पावसाळ्यात छाटणी केल्यास त्या वर्षीचा बहर हातचा जातो.

भूमीवर पडलेली फुले पूजेस वर्ज्य मानली जातात. पारिजातक त्यास अपवाद आहे. तरीही सायंकाळी झाडाखाली स्वच्छ वस्त्र अंथरल्यास प्रातःपूजेस निर्मळ फुले सहज लाभतात.