परवाना, हप्ता आणि आडवी बाटली

मंडळी, आजचा विषय दारू. पण पिण्याची नाही, विकण्याची. तेव्हा शनिवारी संध्याकाळी हे वाचत असाल तरी हरकत नाही, ग्लास खाली ठेवायची गरज नाही.

तर झालं असं. आमचं प्रोजेक्ट एका अमेरिकन विमा कंपनीचं. मागच्या महिन्यात पॉलिसीच्या स्क्रीनवर एक नवा प्रकार टाकायचं काम माझ्याकडे आलं: 'लिकर लायबिलिटी'. मला वाटलं, दारूच्या बाटल्या फुटल्या, गोदामाला आग लागली वगैरे त्याचा विमा असेल. तिकडच्या बिझनेस अ‍ॅनालिस्टने कॉलवर समजावलं. बारवाल्याने कोणाला प्रमाणाबाहेर पाजली आणि त्या माणसाने बाहेर पडून गाडीखाली कोणाला चिरडलं, तर मेलेल्याच्या घरचे बारवाल्यावरही दावा लावू शकतात. त्या दाव्याचे पैसे हा विमा देतो. दुकानाच्या साध्या जबाबदारी-विम्यातून दारूविक्रीचा धंदा वगळलेला असतो, म्हणून हा वेगळा घ्यावा लागतो.

मी म्युटवर होतो ते बरं झालं, कारण मला एकदम मामा आठवले.

माझं आजोळ पारनेर तालुक्यात. २००९ साली मामा संध्याकाळी मोटरसायकलवरून घरी येत होते. समोरून पिकअप आली, ड्रायव्हर तर्र. मामा जागेवर गेले. मी तेव्हा सहावीत होतो. नगरच्या कोर्टात मोटार अपघाताचा दावा लागला, आणि चार वर्षांनी मामीला गाडीच्या विमा कंपनीकडून भरपाई मिळाली. ड्रायव्हर कुठे पिऊन निघाला होता हे अख्ख्या गावाला माहीत होतं. पण कोर्टात त्या दुकानाचं नावही निघालं नाही. निघण्याचं कारणच नव्हतं. आपल्याकडे थर्ड पार्टी विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही, पण दारूचं दुकान मात्र असल्या कुठल्याही विम्याशिवाय उघडता येतं.

असं का? दोन-तीन वीकएंड हेच वाचत बसलो. जे सापडलं ते इथे मांडतो.

१८४९ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याने एक कायदा केला. दारू विकायची असेल तर आधी १००० डॉलरचा जामीनरोखा लिहून द्यायचा. कशासाठी? त्या विक्रीमुळे जे कोणी कंगाल होतील, ज्या बायका विधवा होतील, जी पोरं अनाथ होतील, त्यांच्या पोटापाण्यासाठी. त्यातून जे खटले उभे राहतील त्यांचा खर्चही विक्रेत्याचाच. पुढे इतर राज्यांनी असेच कायदे केले आणि त्यांच्याच पोटी हा आजचा विमा जन्मला.

आता आपल्याकडे या. मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा १८७८ चा. त्याआधी घरोघरी, पाड्यापाड्यावर मोहाची दारू गळायची. सरकारने ते बंद करून गाळण्याचा आणि विकण्याचा हक्क मोजक्या मक्तेदारांच्या हाती दिला. मक्तेदारही सरकारला हमी लिहून द्यायचा. पण ती हमी कसली? वर्षाला किमान इतका महसूल तिजोरीत भरीन, ही! १८९२ साली तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं बाळगण्यावरच कायद्याने बंधनं आली, म्हणजे लोकांनी चोरून गाळू नये आणि मक्त्याची दारू खपावी.

दोन्हीकडे विक्रेत्याकडून लेखी हमीच घेतली. तिकडे ती विधवेसाठी होती, इकडे तिजोरीसाठी. मला वाटतं, पुढचा सगळा इतिहास ह्या फरकातच आहे.

ह्यावर आपल्याकडे कोणी बोललंच नाही असं नाही. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना, १८८० मध्ये, त्यांनी शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेला पत्र लिहिलं होतं. १९०८ मध्ये टिळकांच्या पुढाकाराने पुण्यात दारूच्या दुकानांपुढे निरोधनं झाली. सरकारचा राग दारूबंदीवर कमी आणि बुडणाऱ्या उत्पन्नावर जास्त होता.

स्वातंत्र्य आलं आणि गाडी एकदम दुसऱ्या टोकाला गेली. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि ६ एप्रिल १९५० पासून इलाख्यात पूर्ण दारूबंदी. गंमत बघा, त्याच १९५० च्या अखेरीस आपल्या नगर जिल्ह्यात प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ ही नावं शाळेत पाठ केलेली आठवत असतील. ऊस आला की साखर आली, साखर आली की मळी आली, आणि मळी म्हणजे मद्यार्काचा कच्चा माल. एकीकडे राज्य कोरडं करायच्या बंदीचा अंमल आणि दुसरीकडे दारूच्या कच्च्या मालाचा उगम, दोन्ही एकाच वर्षातले. श्रीरामपूरजवळ तर १९३३ मध्ये सुरू झालेली साखर कंपनी पुढे मद्यनिर्मितीत उतरली आणि आज 'मॅन्शन हाउस' ब्रँडीसाठी ओळखली जाते. ती जिथे आहे त्या गावाचं नाव टिळकनगर! दुकानांपुढे निरोधनं करणारे टिळक आठवले की हसावं का रडावं कळत नाही.

पूर्ण बंदी टिकली नाही. हातभट्ट्या वाढल्या, तिजोरी आटली, आणि १९६० च्या दशकात वसंतराव नाईकांच्या काळात बंधनं सैल झाली. १९७३ मध्ये देशी दारूचे नियम आले. पण कायदा रद्द झाला नाही बरं का! तो अजून आहे. म्हणूनच आपल्याकडच्या बारला 'परमिट रूम' म्हणतात. कागदोपत्री महाराष्ट्रात दारूबंदीच आहे, परवाना असलेल्याला फक्त सूट आहे. एका दिवसाचा पाच रुपयांचा परवाना तुम्ही कधी मागितलाय? मीही नाही. कायद्याचं नाव 'दारूबंदी' आणि तो राबवणाऱ्या खात्याचं नाव 'राज्य उत्पादन शुल्क', ह्यातच सगळं आलं.

आता कोड वाचावा तसा हा कायदा वाचून पाहिला. विक्रेत्यावर अटी भरपूर आहेत. कडक दारूला वय २५, बिअरला २१. शाळा-देवळापासूनचं अंतर, बंद करायची वेळ, रोजची नोंदवही, मालाचा हिशेब. अट मोडली तर दंड, आणि कलम ५४ खाली परवाना निलंबित किंवा रद्द. एकूण एक गोष्ट विक्रेता आणि सरकार ह्या दोघांमधली. ज्याचं नुकसान झालं त्या तिसऱ्या माणसासाठी ह्या फॉर्ममध्ये रकानाच नाही.

सुप्रीम कोर्टाने १९९४ च्या खोडे डिस्टिलरीज निकालात सांगितलं की दारूचा धंदा करणं हा कोणाचा मूलभूत हक्क नाही. तो सगळा अधिकार राज्य स्वतःकडे ठेवू शकतं किंवा त्यातला तुकडा परवान्याने देऊ शकतं. मान्य. पण मग अधिकार तुमचा, शुल्क तुमचं, तर नुकसानीची निदान चौकशी तरी तुमची नको का?

१९ मे २०२४ ची पहाट आठवते? पुण्यात, कल्याणीनगर. भरधाव पोर्शे, स्टिअरिंगवर सतरा वर्षांचा मुलगा. गेलेले दोघं तुमच्या-माझ्यासारखेच, आयटीतले, चोवीस वर्षांचे. पोलिसांच्या म्हणण्यानुसार तो मुलगा आधी दोन ठिकाणी पिऊन आला होता. त्या जागांना सील लागलं, अटका झाल्या. म्हणजे फौजदारी यंत्रणा हलली. पण अशा वेळी विक्रेत्याने त्या घरांना काय द्यायचं, ह्याचा वेगळा कायदाच आपल्याकडे नाही. दिवाणी कोर्टात नुकसानभरपाईचा दावा लावायला कोणी अडवत नाही म्हणा, पण त्याला किती वर्षं लागतील ते तुम्हीच मोजा.

विषारी दारूत तर आणखी उलटं. २०१५ मध्ये मालवणीत शंभरावर माणसं गेली. सरकारने प्रत्येकी एक लाख जाहीर केले, म्हणजे तुमच्या-माझ्या करातून. आणि आमच्याकडे नगर तालुक्यात पांगरमलला, फेब्रुवारी २०१७ मध्ये, जिल्हा परिषदेच्या निवडणुकीच्या पार्टीत बनावट दारूने बळी घेतले. ती दारू जिल्हा रुग्णालयाच्या आवारातल्या कँटीनमध्ये बनत होती, असं तपासात निघालं. आता ह्याचा विमा कोण उतरवणार? ज्याच्याकडे परवानाच नाही त्याला रकाना तरी कुठून आणणार? हा विम्याच्या कल्पनेतला मोठा खड्डा आहे, आणि तो मी लपवणार नाही.

तरीसुद्धा नगर जिल्ह्याने एक गोष्ट करून दाखवली. १९७५ मध्ये अण्णा हजारे राळेगणसिद्धीला परतले तेव्हा गावात तीसेक भट्ट्या होत्या. त्या गावानेच बंद पाडल्या. पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारल्याच्या गोष्टी सगळ्यांना माहीत आहेत. त्या मला आवडत नाहीत, पण त्या घडल्या. पुढे हिवरे बाजारनेही दुकानं हटवली. आणि ह्या सगळ्या चळवळींच्या रेट्यातून कायद्यात एक वेगळीच तरतूद आली. २००८ च्या आदेशाने गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिलांनी मागणी केली की गुप्त मतदान. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडवीवर शिक्का मारला की परवाना बंद. १८७८ पासूनच्या दारूच्या कायद्यांत, ज्याला झळ बसते त्याला विचारणारी एवढी एकच जागा मला सापडली.

एवढं वाचून झाल्यावर मी दिवाळीत आजोळी गेलो. (कागदोपत्री जिल्हा आता अहिल्यानगर, पण एसटीत बसलं की अजून 'नगर, नगर'च ऐकू येतं.) मामीला सगळं समजावलं. म्हटलं, मामी, समजा त्या दुकानदाराचाही विमा असता तर तुला तिकडूनही पैसे मिळाले असते.

मामी शेंगा फोडत होती. म्हणाली, "म्हंजे त्यानं काय करायचं व्हतं?"

"दरवर्षी हप्ता भरायचा."

"हप्ता तर तो भरीतच व्हता की रे. आणिक एक भरला असता. दुकान तर तिथंच राह्यलं असतं ना?"

मला काही बोलताच येईना. दोन हप्त्यांतला फरक तिला समजावण्यात अर्थ नव्हता, कारण तिचा मुद्दा दोन्ही हप्त्यांना लागू होता. पैसे भरले की धंदा चालू ठेवायची मुभा मिळते, हेच तर १८७८ पासून चाललंय.

परत येताना बसमध्ये विचार करत होतो. मामीचं अर्धं बरोबर आहे. साउथ कॅरोलायनात २०१७ पासून संध्याकाळी पाचनंतर दारू पाजणाऱ्या प्रत्येकाला दहा लाख डॉलरचा विमा सक्तीचा झाला. हप्ते इतके भडकले की छोट्या बारवाल्यांचं कंबरडं मोडलं आणि २०२५ मध्ये कायदा बदलावा लागला. म्हणजे विमा ही जादूची कांडी नाही. पण उरलेलं अर्धं असं की विमा कंपनी प्रश्न विचारते. मी त्या स्क्रीनवर टाकलेले रकानेच बघा ना: नोकरांना प्रशिक्षण दिलंय का, वयाचा पुरावा तपासता का, मागच्या पाच वर्षांत किती दावे झाले. ज्याच्या दुकानातून अपघात जास्त त्याचा हप्ता जास्त, आणि अगदीच वाईट असेल तर विमाच नाही, म्हणजे परवानाही नाही. ह्यातला एक प्रश्न जरी २००९ मध्ये कोणी त्या दुकानदाराला विचारला असता तरी मामीच्या कोर्टाच्या कागदांवर त्याचं नाव आलं असतं. पैसे नंतरची गोष्ट. निदान नाव तरी.

आणि जिथे हप्ता भरूनही दुकान सुधरत नाही, तिथे आडवी बाटली आहेच. माझ्या मते दोन्ही हवेत.

असो. सोमवारी ते काम टेस्टिंगला गेलं. टेस्टरने एक शंका काढली, 'मागील दावे' हा रकाना सक्तीचा ठेवायचा की ऐच्छिक? मी लिहिलं, सक्तीचा. क्लायंटला न विचारता.