सुट्टीत काय वाचायचं? आधी आपल्या पायाखालची जमीन वाचा!

दिवाळीची सुट्टी जवळ आली की कार्यकर्त्यांच्या बैठकांत एक प्रश्न हमखास येतो: यंदा सुट्टीत कोणती पुस्तकं वाचायची? प्रश्न चांगला आहे. पण त्याच्याआधी दुसरा विचारायला हवा. आपल्या हातात येणारं पुस्तक कोण निवडतं?

हा प्रश्न बाबासाहेबांनी लहानपणीच विचारला होता. सुभेदार रामजी घरात रामायण-महाभारत वाचून घेत. ज्या ग्रंथांत शूद्र-अस्पृश्यांना हलकं लेखलंय ते आम्ही का वाचायचे, असं या पोरानं थेट बापाला विचारलं. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी स्वतः ही हकीकत सांगितली आहे. परीक्षा पास झाल्याबद्दल सत्काराची सभा झाली, तिथं कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं, तेही त्याच प्रस्तावनेत आहे. त्या पुस्तकाचा धागा १९५६ च्या नागपूरपर्यंत जातो. पुस्तक निवडणं ही साधी आवडीनिवडीची गोष्ट नव्हती, ती अशी.

मराठीत मात्र सुट्टीच्या वाचनाची परंपरा दुसऱ्याच घरात जन्मली. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि फराळासोबत अंक ही रीत पडली. ती वाईट आहे असं आम्ही म्हणत नाही. पुढे गंगाधर पानतावणे सरांनी औरंगाबादहून 'अस्मितादर्श' चालवलं आणि त्याच्या दिवाळी अंकांतून आपली माणसं लिहिती झाली. पण या साऱ्या रिवाजात एक गोष्ट गृहीत असते, की दिवाळीला घर भरलेलं असतं.

नंदुरबारात काय असतं? याच दिवसांत मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबं कोयता घेऊन गुजरातच्या ऊसपट्ट्यात निघतात. वसतिगृहातून सुट्टीला आलेल्या पोराला पुष्कळदा गावात म्हातारी माणसंच भेटतात. हे आजचं नाही. खानदेशातून बारडोलीकडे जाणाऱ्या ऊसतोड मजुरांवर डच अभ्यासक यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकातच लिहून ठेवलंय. मग या जिल्ह्यातल्या तरुणानं सुट्टीत वाचायचं ते याच प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी: माणसं गाव का सोडतात, आणि जमीन कुणाची होती?

नंदुरबार म्हटलं की १९४२ चा शिरीषकुमार सगळ्यांना आठवतो, आठवायलाच हवा. पण अंबरसिंग महाराज किती जणांना आठवतात? अंबरसिंग सुरतवंती हे शहादा तालुक्यातले भिल्ल कार्यकर्ते. सावकार आणि बड्या जमीनदारांच्या ताब्यात गेलेल्या आदिवासींच्या जमिनी, सालदारीची गुलामी, पिकाच्या राखणीच्या नावाखाली होणारी मारहाण, या सगळ्याविरुद्ध त्यांनी माणसं उभी केली. मे १९७१ मध्ये पाटीलवाडीत गोळीबार झाला, त्यात आदिवासीचा जीव गेला. जानेवारी १९७२ मध्ये शहाद्याला भूमुक्ती मेळावा भरला, त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. बायकांनी दारूची मडकी फोडली. १९७४ साली महाराष्ट्रात आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा झाला, त्यामागे असल्या लढ्यांचा रेटा होता. त्याच साली अंबरसिंग गेले. मारिया मीस यांनी १९७६ मध्ये या चळवळीवर इंग्रजीत लेख लिहिला. जर्मनीची बाई आपल्या शहाद्यावर लिहिते आणि आपण परीक्षेच्या गाईडात 'नंदुरबार जिल्ह्याची निर्मिती: १ जुलै १९९८' एवढंच पाठ करतो!

या लढ्यातूनच वाहरू सोनवणे आले. श्रमिक संघटनेचे कार्यकर्ते आणि कवी. त्यांचा 'गोधड' हा संग्रह १९८७ चा. आदिवासींचं दुःख दुसऱ्यांनीच मंचावरून सांगावं, हे त्यांच्या कवितेनं नाकारलं. हा मंच फक्त सवर्णांचा असतो अशा भ्रमात आपण राहू नये. आपल्याही कार्यक्रमांत भिल्ल-पावरा पोरं सतरंज्या उचलायला आणि आपण भाषणाला, असं होतं की नाही?

म्हणून बाबासाहेबांचा जो खंड आम्ही सुचवतो तो विचारपूर्वक सुचवतो. महाराष्ट्र शासनानं वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ मध्ये काढलेला पहिला इंग्रजी खंड. 'जातिनिर्मूलन' त्यातच आहे, ते बहुतेकांनी मराठीत वाचलेलं असतं. पण त्याच खंडात १९१८ चा लहान शेतजमिनींवरचा निबंध आहे. जमिनीचे तुकडे जोडून प्रश्न सुटणार नाही, जमिनीवर रिकामे पडलेले हात उद्योगात गेले पाहिजेत, असं बाबासाहेब तिथं मांडतात. नंदुरबारचे हात निघाले, पण ते ऊस तोडायला. उद्योग काही इथं आला नाही. १९४७ चं 'राज्ये आणि अल्पसंख्याक' आहे, ज्यात शेती सरकारी मालकीची करून गावाला सामूहिक कसायला द्यावी, म्हणजे जमीनदार, कूळ, भूमिहीन मजूर हा भेदच उरणार नाही, अशी मागणी आहे. सालदारी पाहिलेल्या जिल्ह्यात हे वाचताना वेगळंच कळतं.

आणि १९४५ चं जातीय पेचप्रसंगावरचं भाषणही आहे. त्यात बाबासाहेबांनी आदिम जमातींना आपल्या राजकीय योजनेबाहेर ठेवलं, त्यांच्यात अजून राजकीय जाण आलेली नाही असं कारण दिलं. आपले काही वक्ते हे पान चटकन उलटतात. आम्हाला ते मान्य नाही. ज्या माणसानं ग्रंथप्रामाण्य नाकारायला शिकवलं त्याचं लिखाण झाकून वाचायचं? ते १९ डिसेंबर १९४६ च्या जयपालसिंग मुंडांच्या संविधान सभेतल्या भाषणाशेजारी ठेवून वाचा. लोकशाही आदिवासींना शिकवू नका, त्यांच्याकडून शिका, असा त्यांचा सूर होता. मग पुढचं बघा: सप्टेंबर १९४९ मध्ये पाचव्या अनुसूचीचा सुधारित मसुदा सभेत मांडला तो बाबासाहेबांनीच. आज नवापूर, तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी हे तालुके तिच्याखाली येतात. पेसा १९९६ चा, वनहक्क कायदा २००६ चा. त्यांची मुळं या वादात आहेत.

खंड जाडजूड आहे, इंग्रजी अवघड वाटेल. चार जणांनी एक प्रत घ्या. पहिल्या आठवड्यात 'राज्ये आणि अल्पसंख्याक'मधला शेतीचा भाग, मग १९१८ चा निबंध, शेवटी १९४५ चं भाषण आणि जयपालसिंग. 'गोधड' मात्र एकट्यानं वाचू नका. गावातल्या म्हाताऱ्यांसमोर वाचा, आणि शहाद्याच्या मोर्चाला त्यांच्यापैकी कोण गेलं होतं ते विचारून, नाव-गावासह वहीत उतरवून घ्या. जय भीम.